आजीचं औषध आणि आजीचं ‘नको’

मनू, तू मोबाइलवर पाठवलेलं वाचलं. रुईचं पान रात्री तळपायाला बांधायचं, वर मोजा चढवायचा आणि आठवडाभरात साखर उतरते म्हणे. सासूबाईंना करून बघू का, असं विचारलंयस. खाली असंही लिहिलंयस की आता आंबोलीच्या पायथ्याशी संसार मांडलाच आहे, तर रानातली औषधं शिकून घेते. शीक की! मला बरंच वाटलं वाचून. पण हे फोनवर दोन वाक्यांत उरकणारं प्रकरण नाही, म्हणून सविस्तर लिहितेय. लेकरू झोपलं की निवांत वाच.

आधी रुईचा निकाल लावू. बांधू नकोस. तळपायाला पान बांधून रक्तातली साखर उतरत नाही. इजा मात्र होऊ शकते, आणि तीही नेमकी साखरेच्या माणसालाच. वर्षानुवर्षं मधुमेह असला की पायांची जाणीव बोथट होते. रुईचा चीक कातडी पोळवतो. तुला-मला चुरचुरलं तर आपण पान काढून भिरकावू. सासूबाईंना कळणारही नाही. रात्रभर मोज्यात कोंडलेल्या चिकानं फोड आला, फुटला, चिघळला, की मग बोट वाचवायची धावपळ. त्यात पानावर भरवसा ठेवून त्यांनी गोळी चुकवली, तर आणखी वेगळा घोळ.

तू म्हणशील, आजी तर रुईचं पान वापरायची. वापरायचीच. गुडघा सुजला की पानाला तेल लावून, तव्यावर जरा गरम करून बांधायची. पण आठव, त्याच्या मागेपुढे तिची केवढी बडबड असायची. पान खुडलं की देठाचा चीक पूर्ण गळू दे. तो हात डोळ्याला लावायचा नाही. जिथे खरचटलंय तिथे ठेवायचं नाही. पोरांनी तोडायचं नाही, मी तोडीन. थोड्या वेळानं सोडून बघायचं, लाल झालं तर धुऊन टाकायचं. आपण त्या बडबडीला कंटाळायचो, कारण आपल्याला वाटायचं औषध म्हणजे ते पान. मनू, औषध म्हणजे ती सगळी बडबड धरून होतं. आता मोबाइलवर जे फिरतंय ना, त्यात पान तेवढं आलंय आणि आजीचं ‘नको’ गळालंय. मला जे काही सांगायचंय ते एवढंच. पुढचं सगळं त्याचीच उदाहरणं समज.

रुईच्या चिकाबद्दल एक गोष्ट मुद्दाम सांगते, कारण शनिवारी मारुतीला रुईच्या पानांचा हार करायचा, गणपतीत पत्री गोळा करायची, ही कामं आपल्याकडे पोरांवरच सोपवतात. हा चीक डोळ्यात गेला तर फारसं दुखत नाही, आणि तिथेच फसगत होते. डोळ्याचा पारदर्शक पडदा आतून सुजतो, धुरकट दिसायला लागतं, पण कळ नसल्यामुळे घरचे म्हणतात उद्या बघू. उद्या नाही. नळाच्या वाहत्या पाण्यानं पंधरा-वीस मिनिटं डोळा धुवायचा आणि त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं. थोराचा नि शेराचा चीकही डोळ्याला तितकाच वाईट. पोराच्या खोकल्यावर निवडुंगाचं पान भाजून रस देणारी कुणी ना कुणी तुला भेटेलच; तिला गोड बोलून वाटेला लाव.

त्या पत्रीच्या एकवीस पानांत रुई आहे, धोतरा आहे आणि कण्हेरही आहे. तिन्ही विषारी. रुईत आणि कण्हेरीत हृदयाची लय बिघडवणारी द्रव्यं असतात. बिबळ्या कडवा नावाचं केशरी फुलपाखरू परसात दिसत असेल बघ. त्याची अळी रुईवर वाढते, ते विष अंगात साठवते, म्हणून पक्षी त्याच्या नादी लागत नाहीत. देवाला वाहिलेलं म्हणजे पोटाला चालतं असं मुळीच नाही. पत्री वाहावी, निर्माल्य गाईगुरांच्या तोंडी लागणार नाही असं टाकावं आणि हात धुवावेत.

आता बिब्बा. तुमच्याकडे काजू आहेत म्हणून हे तुला पटकन समजेल. ओले काजूगर सोलणाऱ्या बायकांचे हात बघितलेस ना? राख चोळून, खोबरेल लावूनही बोटांची सालं निघतात. काजूच्या टरफलातलं तेल, बिब्ब्याचं तेल आणि आंब्याच्या देठाचा चीक, ही सगळी एकाच कुळातली भावंडं. आंबा चोखून ओठाच्या कोपऱ्याला फोड येणाऱ्या माणसानं बिब्ब्यापासून दूर राहावं, हे आपली माणसं उगाच सांगत नव्हती. धोबी कपड्यावर खूण करायला हेच तेल वापरायचे. कितीही धुतलं तरी न जाणारी काळी खूण. कापडावर असं बसणारं तेल कातडीवर काय करत असेल! टाचेच्या भेगांत घालायला, कफावर दुधातून द्यायला, बाळंतिणीला शेकायला बिब्बा वापरला गेला, आणि तो उतलाही हजारोंना. अंग सुजून, फोड येऊन, खाज सुटून माणसं हैराण झाली.

बिब्ब्याचे ‘नको’ किती होते माहितेय? उन्हाळ्यात नको. पित्ताच्या माणसाला नको. गरोदर बाईला नको, लहान पोराला नको. घेतल्यावर उन्हात आणि चुलीपुढे बसणं नको. वैद्य तर बिब्बे आधी विटेच्या चुऱ्यात घोळून त्यांचं तेल उतरवत, मग पुढची कृती. हे सगळं सोडून ‘एक बिब्बा दुधात उकळून घ्या’ एवढंच कुणी सांगितलं, तर समज की त्याला काहीच माहीत नाही. गंमत अशी की ह्याच फळाच्या आतली गोडंबी आपण थंडीच्या लाडवात आवडीनं खातो. फळ एक, पण वरचं कवच पोळतं आणि आतला गर पोसतो. म्हणून रानातल्या औषधांत पहिला प्रश्न ‘कोणतं झाड’ हा नसतोच. ‘झाडाचा कोणता भाग’ हा असतो.

गुंजेचं बघ. पानवाल्याकडे विड्यात घालायला गुंजेचा पाला मिळतो, गोडसर असतो, घशाला बरा वाटतो म्हणून गाणारी माणसं चघळतात. आणि त्याच वेलाचं ते लालबुंद, काळ्या टिकलीचं सुंदर बी म्हणजे जालीम विष. सोनार ह्याच बियांनी सोनं तोलायचे, शहाण्णव गुंजांचा एक तोळा. बी अख्खं गिळलं गेलं तर कठीण कवचामुळे बरेचदा तसंच बाहेर पडतं. चावलं गेलं किंवा माळेत ओवायला भोक पाडलेलं असलं, की आतलं अब्रिन मोकळं होतं. ते पेशींचं प्रथिन बनवण्याचं कामच थांबवतं आणि त्यावर उतारा नाही. लक्षणं दिसायला काही तास, कधी दिवसही जातो. जत्रेतून कुणी तुझ्या लेकीला गुंजांची माळ किंवा खुळखुळा आणला तर तोंडावर नाही म्हण. वाईट वाटलं तर वाटू दे.

एरंडाचंही तेच. एरंडेल आपण पिढ्यान्‌पिढ्या घेत आलो, कारण बीमधलं रायसिन तेलात उतरत नाही आणि उष्णतेनं निकामी होतं. बी चावून खाणं मात्र जिवावरचं. आणि मोगली एरंड, ज्याला आपण चंद्रज्योत म्हणतो, तो तर कुंपणाकुंपणाला आहे. त्याच्या देठाच्या चिकाचे फुगे आपण लहानपणी फुंकायचो, दात दुखला की काडी चावायला सांगायची कुणीतरी. पण त्याच्या बिया चवीला शेंगदाण्यासारख्या लागतात, म्हणून मधल्या सुट्टीत पोरं खातात आणि उलट्या-जुलाबांनी वर्गच्या वर्ग दवाखान्यात जातो. ही बातमी महाराष्ट्रात कुठून ना कुठून येतच असते. तुझ्या अंगणवाडीच्या कुंपणाला काय लावलंय ते एकदा जाऊन बघ. पिवळी कण्हेर, म्हणजे बिट्टी, असली तर ताईंना सांगून काढायला लाव. बिट्ट्यांनी खेळायची पोरांना हौस असते, आणि ते बी हृदयाचे ठोके मंदावणारं आहे.

मनू, ह्याचा अर्थ विषारी म्हणून सगळंच टाकून द्यायचं असाही नाही हं. आपल्या स्वयंपाकघरात विषाशी जमवून घेण्याची केवढी मोठी विद्या आहे! रोह्याकडची शेवळं आठव. पाऊस पडायच्या सुमारास कातकरणी जुड्या घेऊन यायच्या, आणि बरोबर काकडांची आंबट फळं असायची. शेवळातले सुईसारखे बारीक स्फटिक घसा कापतात. काकडाशिवाय, चिंचेशिवाय आणि नीट शिजवल्याशिवाय ती भाजी कुणी करत नसे. सुरणाला आंबट लागतं, अळवाला चिंच लागते, तेच कारण. कडू करांदे तर त्याहून कठीण. ठाकर, कातकरी बायका त्यांच्या चकत्या करतात, राखेच्या पाण्यात उकडतात, ओढ्याच्या वाहत्या पाण्यात रात्रभर ठेवतात, तेव्हा कुठे ते खाण्यालायक होतात. ही कृती कागदावर कुणी लिहिली नव्हती, पण त्यातली एकही पायरी कुणी गाळली नाही. कारण गाळली की त्याच संध्याकाळी घरभर घसे धरायचे. चूक लगेच कळायची म्हणून ती विद्या चोख राहिली. औषधात तसं होत नाही. तिथे चूक उशिरा कळते, कधी कळतच नाही, आणि माणूस मेलं तर ‘त्याचा आजारच मोठा होता’ असं म्हणून मोकळे होतात.

उशिरा कळणाऱ्या विषाचं एक उदाहरण सांगते. सापसंदाची वेल. साप चावला की हिचं मूळ उगाळून द्यायचं, असं गावोगावी सांगतात. हिच्यात जे ॲरिस्टोलोकिक आम्ल असतं ते मूत्रपिंडं निकामी करतं आणि कर्करोगाला कारण होतं. दोन्ही गोष्टी सिद्ध झालेल्या आहेत. बेल्जियममध्ये १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला वजन उतरवायच्या गोळ्या घेणाऱ्या बायकांची मूत्रपिंडं एकामागून एक बिघडायला लागली. शोध घेतला तर गोळ्यांत एका चिनी औषधी मुळाऐवजी ह्याच कुळातल्या वेलीचं मूळ मिसळलं गेलं होतं. ज्यांनी घेतलं त्यांना त्या दिवशी, त्या आठवड्यात काहीच झालं नव्हतं. म्हणून ‘मी घेतलंय, मला काही झालं नाही’ ही साक्ष पुढे आली की तू मान डोलव, पण विश्वास ठेवू नकोस.

आणि सापाचं नावच निघालंय तर विंचवाचंही ऐक. मूळ उगाळणं, पाला बांधणं, ह्यात एक मिनिटही घालवायचं नाही. कोकणातल्या लाल विंचवाच्या दंशानं किती पोरं जायची! महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे रक्तदाबाचं साधं औषध त्यावर वापरून दाखवलं आणि ते मरण आटोक्यात आलं. ते औषध सरकारी दवाखान्यात मिळतं. सापाला प्रतिसर्पविष, विंचवाला दवाखाना. तिसरा उपाय कुणी सांगितला तर ऐकून घ्यायलासुद्धा थांबू नकोस.

धोतऱ्याची गोष्ट तुला आवडेल, कारण तिच्यात दोन्ही बाजू आहेत. दम्याच्या माणसानं धोतऱ्याच्या वाळल्या पानांची विडी ओढायची, हा आपल्याकडचा जुना उपाय. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो मद्रासकडून इंग्लंडला गेला आणि तिकडे दम्याच्या सिगारेटी म्हणून कितीतरी वर्षं विकला गेला. उपाय खोटा नव्हता. धोतऱ्यातलं ॲट्रोपिन श्वासनलिका सैल करतं. दम्याच्या फवाऱ्यातलं इप्राट्रोपियम त्याच ॲट्रोपिनपासून घडवलेलं आहे. डोळे तपासताना बाहुली मोठी करायला ॲट्रोपिनचे थेंब घालतात. आणि कीटकनाशकाची फवारणी करताना विषबाधा झालेल्या शेतकऱ्याला तालुक्याच्या दवाखान्यात जी इंजेक्शनं पुन्हा पुन्हा देतात, तीही ॲट्रोपिनची. विषावर विष ते हे.

मग घरी का नको? कारण दवाखान्यातल्या कुपीत किती आहे ते मोजलेलं असतं. धोतऱ्याच्या झाडात ते झाडागणिक बदलतं, पानात वेगळं, बीमध्ये वेगळं, पावसाळ्यात वेगळं, उन्हाळ्यात वेगळं. काल ज्या पानानं बरं वाटलं, त्याच मापाचं दुसरं पान आज माणसाला भ्रमात ढकलतं. तोंडाला कोरड, बाहुल्या मोठ्या, अंग लाल नि तापलेलं, लघवी अडलेली आणि माणूस हवेतल्या हवेत काहीतरी वेचतोय, असंबद्ध बोलतोय, असं दिसलं तर धोतरा पोटात गेलाय असं समज आणि गाडी काढ. एकेकाळी वाटमारे प्रवाशांना हेच घालून लुटायचे. म्हाताऱ्या माणसाला काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असेल तर थोडाही पुरतो.

आता एक गोष्ट फक्त आपल्या दोघींतली. पावसाळ्यात तुमच्या बांधावर, करवंदीच्या जाळीतून वर चढलेली कळलावी फुलेल. पिवळ्याची लाल होत जाणारी, वर वळलेल्या पाकळ्यांची. इतकी सुंदर की बघत राहावं. तमिळनाडूचं ते राज्यफूल आहे. तिच्या कंदाचा लेप अडलेल्या बाळंतिणीच्या पायाला, बेंबीभोवती लावायचे, आणि बाळ सुटलं की लगेच पुसून टाकायचे. हा झाला उघड सांगायचा उपयोग. न सांगायचा उपयोग तुला माहीत असायला हवा. दिवस गेलेत आणि नको आहेत, अशा पोरीला कुणीतरी चोरून हा कंद देतं. पोटात देतं, नाहीतर आणखी भलतीकडे. त्यातलं कोल्चिसिन शरीरात जिथे जिथे पेशी भराभर वाढतात तिथे घाव घालतं. पहिले काही तास काही नाही, मग पटकीसारख्या उलट्या-जुलाब, मग मूत्रपिंडं, मग रक्त तयार करणारी अस्थिमज्जा. वाचलीच तर दुसऱ्या आठवड्यात केस पुंजक्यापुंजक्यानं गळतात. हेच कोल्चिसिन डॉक्टर वातरक्तावर देतात, पण मिलिग्रॅमच्याही अंशात मोजून. कंद मोजता येत नाही.

तू गावात नवी आहेस, शिकलेली आहेस, बायका तुझ्याशी हळूहळू मोकळ्या होतील. अशी कुणी आलीच, तर तिला उपदेश करत बसू नकोस. एवढंच सांग की गर्भपात आपल्या देशात १९७१ च्या कायद्यानं मान्य आहे. २० आठवड्यांपर्यंत, आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर काही विशिष्ट परिस्थितींत २४ आठवड्यांपर्यंत, कायद्यात बसणाऱ्या कारणांसाठी डॉक्टर तो करतात. बाई अठरा वर्षांची पुरी असेल तर तिची स्वतःची संमती पुरते. नवऱ्याची सही लागत नाही. तिचं नाव गुप्त ठेवणं हे दवाखान्यावर बंधनकारक आहे. जमलं तर तिच्याबरोबर जा. कळलावीच्या कंदानं ज्या बायका गेल्या, त्या विषापेक्षा लाजेनं आणि एकटेपणानं जास्त गेल्या, असं माझं मत आहे.

तुमच्याकडे काजऱ्याची झाडं आहेत ना? कुचला तो हाच. पिकल्यावर नारिंगी फळं धरतात आणि धनेश ती मिटक्या मारत खातो. कुणीतरी तुला सांगेल, पाखरू खातं ते माणसाला चालतं. साफ खोटं. धनेश गर खातो आणि बी टाकतो. स्ट्रिक्निनचा भर त्या बीमध्ये. शिवाय पाखराचं पोट वेगळं, आपलं वेगळं. वैद्य कुचला वापरतात, पण गोमूत्र, दूध, तूप अशा संस्कारांतून काढून. तो संस्कार आपल्या चुलीवर करायचा प्रयोग नव्हे. शुद्ध झालं की नाही हे आपण ओळखणार कशावरून? झटके यायला लागल्यावर?

नरक्याबद्दलही ऐकशील. उग्र वासाचं ते झाड तुमच्या आंबोलीच्या रानात होतं, आहे, आणि चोरून तोडलंही जातं. ‘कॅन्सरचं झाड’ म्हणून त्याचा काढा सांगणारे निघतात. खरी गोष्ट अशी की त्यातल्या कॅम्प्टोथेसिनपासून आज कर्करोगावरची औषधं बनतात. ते द्रव्य पहिल्यांदा एका चिनी झाडातून वेगळं केलं मन्सुख वाणी आणि मनरो वॉल ह्यांनी, १९६६ साली. वाणी आपल्या नंदुरबारचे, मुंबई विद्यापीठात शिकून अमेरिकेत गेलेले. पण त्यांनी शोधलेलं द्रव्य सुरुवातीला रुग्णांना दिलं, तेव्हा मूत्राशयाला आणि आतड्यांना इतकी इजा झाली की त्या चाचण्या थांबवाव्या लागल्या. रेणूत फेरफार करून केलेली औषधं अमेरिकेत मंजूर व्हायला १९९६ उजाडलं. तीस वर्षं! आणि इथे माणसं सालीचा काढा करून आजारी माणसाच्या हातात पेला देतात.

सर्पगंधाचंही तसंच. वेडावर आणि झोपेसाठी तिचं मूळ आपल्याकडे चालत आलं. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील ह्यांनी १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये रक्तदाबावरचा तिचा उपयोग मांडला, तेव्हा जगानं लक्ष दिलं. १९५२ मध्ये त्यातलं रेसर्पिन वेगळं झालं, जगभर वापरलं गेलं, आणि मग कळलं की जास्त मात्रेत ते काही माणसांना खोल उदासीत ढकलतं. त्याला मागे सारून दुसरी औषधं आली. आपली विद्या खोटी नव्हती हे ह्यातून दिसतं, आणि तेवढ्यानं ती सुरक्षित ठरत नाही हेही दिसतं. वकील मोजत होते, नोंदी ठेवत होते, म्हणून फायदा कळला. त्यांच्यामागून आलेलेही मोजत राहिले म्हणून तोटा कळला.

मग तू काय करायचंस? एक वही घाल. प्रत्येक झाडाला समोरासमोरची दोन पानं. उजव्या पानावर उपयोग लिही. डाव्या पानावर फक्त ‘नको’: कोणता भाग नको, पोटात नको की कातडीवरही नको, कोणाला नको, कोणत्या ऋतूत नको, कुठे थांबायचं. डावं पान कोरं असेल तर उजवं कितीही भरलेलं असो, ते औषध तुला येत नाही असं समजायचं. झाडाची ओळख फुलं-फळं धरलेली असताना जाणत्या माणसाबरोबर रानात जाऊन पक्की कर, फोटोवरून नको. कळलावीचा कंद रताळं समजून आणलेली घरं आहेत.

घरासाठी माझे नियम कडक आहेत, आणि ते तू जसेच्या तसे घे. पोटात काहीही विषारी द्यायचं नाही, कितीही थोडं. लेकीला नाही, गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईला नाही, साखर-रक्तदाबाच्या गोळ्या चालू असलेल्या माणसाला नाही. आयुर्वेदाचं तयार औषध आणलंस तर वेष्टण वाच: धोतरा, बिब्बा, गुंज, कुचला, बचनाग अशी विषारी द्रव्यं असलेल्या औषधांवर ‘वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे’ असा इशारा इंग्रजी-हिंदीत छापणं नियमानं सक्तीचं आहे. तो इशारा असेल तर पदवीधर वैद्यांना दाखवल्याशिवाय डबी उघडायची नाही. वैद्यांकडे गेलीस तर काय काय चालू आहे ते डॉक्टरांपासून लपवू नकोस, आणि उलटही.

आणि कधी पोरानं काही तोंडात घातलंच, तर मिठाचं पाणी पाजून, घशात बोट घालून उलटी काढायची नाही. दूध-तूप पाजायचं नाही. तोंडात उरलेलं बोटानं काढ, चूळ भरायला लाव, किती वाजता काय खाल्लं ते लक्षात ठेव, त्या झाडाची फांदी फळ-पानासकट पिशवीत घाल आणि १०८ ला फोन कर. अंगाला बिब्बा किंवा काजूचं तेल लागलं तर लगेच साबण-पाण्यानं धू, खाजवू नकोस, दुसरीकडे हात लावू नकोस. पोर हसत-खेळत असलं तरी गुंज, एरंड, कळलावी ह्यांपैकी काही पोटात गेल्याचा संशय असेल तर वाट बघायची नाही.

राहिला प्रश्न शिकायचं कुणाकडून. मनू, तुझ्या घरातच शाळा आहे. सासूबाईंनी त्या रानात साठ-सत्तर पावसाळे काढलेत. नि तुमच्याकडे मोळी घेऊन येणारी ती बाई, तिलाही बसवून चहा दे. फक्त विचारताना ‘हे कशावर चालतं’ असं विचारू नकोस. ते कुणीही सांगेल, आणि थोडं वाढवूनच सांगेल. असं विचार की तुम्ही हे कुणाला कधीच दिलं नाहीत? कुणाला दिल्यावर पस्तावलात? कोणत्या झाडाला पोरांना हात लावू दिला नाहीत? ह्या प्रश्नांना म्हाताऱ्या माणसांकडे खरी उत्तरं असतात, आणि आजवर त्यांना ते कुणी विचारलेलंच नसतं. डावी पानं भरत गेलीस की मला त्यांचे फोटो पाठव. माझ्याही वहीत पुष्कळ झाडांची डावी बाजू अजून रिकामी आहे.

तुझी,
ताई